चिली : घेवडा घालायचा की नाही?

१९६७ सालच्या ऑक्टोबरात दोन माणसं दोन पातेली घेऊन टर्लिंग्वा नावाच्या गावात उतरली. टेक्सासमधलं, मेक्सिकोच्या सीमेलगतचं हे गाव एके काळी पाऱ्याच्या खाणींवर जगत होतं. खाणी बंद पडल्या, माणसं निघून गेली, मागे भिंती तेवढ्या उरल्या. अशा ओसाड जागी सामना ठरला होता, आणि तो बंदुकांचा नव्हता, रश्श्याचा होता. एका बाजूला विक फाउलर हा टेक्सासचा पत्रकार, दुसऱ्या बाजूला एच. ॲलन स्मिथ हा न्यूयॉर्कचा विनोदी लेखक. 'चिली' या पदार्थातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं स्मिथने 'हॉलिडे' मासिकात लेख लिहून जाहीर केलं होतं, आणि वर त्याच्या कृतीत घेवडा होता. टेक्सासच्या लोकांना हे मिरचीपेक्षा जास्त झोंबलं.

तीन परीक्षक होते. एकाने स्मिथला मत दिलं, दुसऱ्याने फाउलरला. तिसऱ्याने घास तोंडात घातला, आपली जीभ कामातून गेल्याचं सांगितलं आणि सामना बरोबरीत सोडवला. टर्लिंग्वात तेव्हापासून दर वर्षी चिली रांधायच्या स्पर्धा होतात. तिथल्या नियमानुसार पातेल्यात घेवडा, भात किंवा मॅकरोनी दिसली की गडी बाद.

एका मूठभर घेवड्यावरून एवढं रण का माजावं? या प्रश्नाच्या मागे लागलं की चौकात पातेली मांडून बसणाऱ्या बायका भेटतात, मिरची दळणारा एक जर्मन भेटतो, रसायनशास्त्र भेटतं. हिवाळ्यात जेवायला एक दणकट रस्सा मिळतो तो वेगळाच.

नावातच मिरची आधी

आपल्याकडे 'चिली' म्हटलं की चायनीजच्या गाडीवरचं चिकन चिली डोळ्यांपुढे येतं. ही ती नव्हे. या पदार्थाचं पूर्ण नाव 'चिली कॉन कार्ने', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मांस घातलेली मिरची'. नाव नीट ऐकावं. ते मांसाला मिरची लावलेली सांगत नाही, मिरचीत मांस घातलेलं सांगतं. आपल्या स्वयंपाकात मिरची तिखटासाठी असते आणि रश्श्याला दाटपणा कांदा-खोबऱ्याचं वाटण देतं. चिलीत मिरचीच वाटण होते. सुकी, जाड सालीची, रंगाने काळपट लाल आणि तिखटाला बेताची 'आंचो' मिरची मूठभर नव्हे, चांगली ओंजळभर लागते. गरम पाण्यात फुगवून ती वाटली की रश्श्याचं अंग तयार झालं.

'चिली' हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. मिरची, टोमॅटो आणि घेवडा ही तिन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली, तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षं जोपासलेली. गाय-बैल मात्र तिथे नव्हते. १४९३ साली कोलंबस दुसऱ्यांदा निघाला तेव्हा त्याच्या जहाजांतून ते पहिल्यांदा तिकडे गेले. जिरं, कांदा आणि लसूणही युरोपातून पोचले. म्हणजे हे पातेलं अर्धं त्या किनाऱ्याचं, अर्धं या किनाऱ्याचं. त्याच उलथापालथीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची गोव्याला उतरली आणि बघता बघता आपल्या ठेच्याची मालकीण झाली.

चौकातल्या राण्या

चिलीचं माहेर टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ. हे शहर आधी स्पेनचं, मग मेक्सिकोचं, मग काही वर्षं स्वतंत्र टेक्सासचं आणि १८४५ पासून अमेरिकेचं. १७३१ मध्ये स्पेनच्या राजाने कॅनरी बेटांवरची काही कुटुंबं इथे वसवली. जिऱ्याचा सढळ हात त्यांच्याकडून आला असं बरेच जण मानतात. दुसरी कथा गुराख्यांची आहे : वाळवलेलं मांस, चरबी, मीठ आणि मिरची एकत्र कुटून त्याच्या विटा पाडायच्या, त्या खोगिराला बांधून निघायचं आणि मुक्कामाला एक वीट उकळत्या पाण्यात सोडायची.

पदार्थ गाजवला तो मात्र बायकांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दिवस मावळला की सॅन अँटोनिओच्या मिलिटरी प्लाझा या चौकात मेक्सिकन वंशाच्या बायका घरी शिजवलेली चिली गाड्यांतून घेऊन यायच्या. मेस्किटच्या लाकडांची शेकोटी पेटायची, तिच्यावर पातेली चढायची, लांब बाकड्यांवर कंदील लागायचे. शिपाई, गाडीवान, जुगारी, हौशे-नवशे प्रवासी एकाच बाकावर बसून खायचे. दहा सेंटांत ताटलीभर चिली, सोबत मक्याची टॉर्टिया आणि शिजवलेला घेवडा. इथे जरा थांबून पाहायला हवं. घेवडा तेव्हाही होता, पण शेजारी, भाकरीसारखा. लोक या विक्रेत्या बायकांना 'चिली क्वीन' म्हणू लागले. ओ. हेन्री आणि स्टीफन क्रेन यांच्यासारख्या लेखकांच्या लिखाणातही त्या चौकातली चिली आली.

नगरपालिकेची इमारत १८९१ मध्ये त्याच चौकात उभी राहिली आणि राण्यांना दुसऱ्या चौकांत सरकावं लागलं. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या चिलीचा ठेला लागला आणि उत्तरेच्या लोकांना या चवीची ओळख झाली. १९३०च्या दशकात स्वच्छतेचे कडक नियम आले, आणि पुढच्या दशकात शेवटची पातेलीही चौकातून उठली. आणि १९७७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून गौरवलं. ठेला उठवायचा आणि मग पदार्थाला हार घालायचा, ही रीत फक्त आपल्याकडचीच नाही.

या गोष्टीत आणखी एक पात्र आहे : विल्यम गेबहार्ट. न्यू ब्राउनफेल्स या जर्मन वस्तीच्या गावात त्याचं खानावळवजा दुकान होतं. चिलीला गिऱ्हाईक बारमाही, पण मेक्सिकोतली चांगली मिरची ठरावीक हंगामातच मिळायची. गेबहार्टने मिरच्या वाळवल्या, मांस दळायच्या घरगुती यंत्रातून तीन-तीनदा काढल्या आणि जिरं वगैरे मिसळून भुकटी बाटलीत भरली. १८९६ मध्ये त्याने आपल्या छापाची नोंदणी केली. ऐन उन्हाळ्यात डंक्यावर वर्षाचा मसाला कुटून बरणीत दाबून भरणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटणार नाही. पण बाटलीतल्या या भुकटीमुळे चिली हंगामातून सुटली, टेक्सासमधूनही सुटली, आणि जिथे जाईल तिथलं काहीबाही पोटात घेत गेली.

घेवडा आत कसा शिरला

चिलीची खानावळ हा विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेतल्या गावोगावचा गरिबांचा आधार होता. मंदीच्या वर्षांत, १९२९ नंतर, तिथे थोडक्या पैशांत पोट भरायचं. मालकाच्या दृष्टीने हिशेब सोपा होता. मांस महाग, घेवडा स्वस्त. अर्धं मांस काढून तेवढाच घेवडा घातला तर पातेलं तेवढंच भरतं आणि जेवणारा उपाशी उठत नाही. शेजारच्या ताटलीतला घेवडा असा उडी मारून पातेल्यात आला.

म्हणून मला हा वाद चवीचा वाटतच नाही. तो खिशाचा आहे. 'आमच्या चिलीत घेवडा नसतो' याचा अर्थ 'आमच्याकडे मांसाला तोटा नाही'. टेक्सास हा गुरांचा मुलूख, तिथे ही शेखी शोभते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सासचे. त्यांच्या घरच्या चिलीची कृती मागणारी इतकी पत्रं यायची की ती छापून पाठवावी लागे. त्या छापील कृतीत अर्थातच घेवडा नाही.

टेक्सासबाहेर कुणी असली बंधनं पाळली नाहीत. ओहायोतल्या सिनसिनाटीत १९२२ साली मॅसिडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी 'एम्प्रेस' नावाचं उपाहारगृह काढलं. त्यांनी चिलीत दालचिनी, लवंग असे आपल्या मुलखाच्या ओळखीचे मसाले घातले आणि ती चक्क शेवयांसारख्या स्पॅगेटीवर ओतली. तिथे आजही 'थ्री-वे' मागितली की स्पॅगेटी, चिली आणि चीज येतं. 'फोर-वे'त कांदा किंवा घेवडा वाढतो, 'फाइव्ह-वे'त दोन्ही. हॉलिवूडजवळच्या 'चेसन्स' या नामांकित हॉटेलच्या चिलीतही घेवडा होता, आणि 'क्लिओपात्रा'च्या चित्रीकरणासाठी रोममध्ये असताना एलिझाबेथ टेलरने तीच चिली विमानाने मागवली होती. गरिबाची युक्ती एकदा चटक लावून गेली की श्रीमंतही तिच्यासाठी विमान धाडतात.

चिवट मांसाची किंमत

आता पातेल्याकडे वळू. आठ माणसांसाठी एक किलो मांस, पाव किलो सुका घेवडा. मांस खांद्याचं किंवा नळीचं घ्यावं. महागडे मऊसूत तुकडे इथे घातले तर पैसेही वाया आणि तुकडेही. ज्या स्नायूंनी जनावराचं वजन पेललं, त्याला चालवलं, ते स्नायू कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या जाळ्याने बांधलेले असतात. चिलीला हवं असतं ते हेच जाळं.

घडतं ते असं. साठ अंश सेल्सियसच्या आसपास मांसाचे धागे आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. पाऊण तासाने तुकडा चाखला तर तो सुरुवातीपेक्षा घट्ट, रबरासारखा लागतो, आणि नवखा माणूस इथेच घाबरून आच वाढवतो. वाढवू नये. त्याच वेळी कोलॅजन सावकाश विरघळू लागलेलं असतं. सत्तर अंशांच्या पुढे हा वेग वाढतो आणि दोन-अडीच तासांत त्याचं जिलेटिन होतं. धागे एकमेकांपासून सुटतात, त्यांच्यामध्ये जिलेटिन भरतं, मांस ओलसर लागतं आणि रश्श्याला असा अंगचा दाटपणा येतो की ओठ एकमेकांना हलके चिकटतात. ज्यांनी पायाचा रस्सा ओरपला आहे त्यांना ही खूण वेगळी सांगायला नको. पातेलं रटरटता कामा नये. पृष्ठभागावर कुठेतरी एखादाच बुडबुडा फुटावा एवढी आच पुरते. घाई असेल तर कुकर आहेच. आत सुमारे १२० अंश तापमान असल्याने हेच काम पस्तीस-चाळीस मिनिटांत उरकतं.

त्याआधी मांस परतायचं. तुकडे फडक्याने टिपून कोरडे करावेत आणि जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापवून थोडे थोडे टाकावेत. एकदम किलोभर टाकले तर पाणी सुटतं, पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि मांस खरपूस होण्याऐवजी आपल्याच पाण्यात उकडतं. साधारण १४० अंशांच्या वर प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा यांची जी क्रिया झपाट्याने होते, तिच्यातून तपकिरी रंग आणि शेकडो गंधद्रव्यं तयार होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळीकडे तीच. मांस परतल्याने 'रस आत कोंडला जातो' हे मात्र खरं नाही. तो समज एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लिबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पसरवला, आणि खोटा ठरूनही तो पुस्तकांतून गेलेला नाही. परततो ते चवीसाठी. म्हणून पातेल्याच्या बुडाला लागलेली तपकिरी खरवड कधी घासून टाकायची नाही. कांदा घातला की त्याच्या पाण्याने ती सुटते, आणि निम्मी चव तिच्यातच असते.

मिरचीचा आभास

आंचो मिळाली तर पाच-सहा पुरतात. नाही मिळाली तर आपली बेडगी घ्यावी, बारा-पंधरा. सुरकुतलेली, रंगाला गडद, तिखटाला सौम्य, म्हणजे स्वभाव आंचोच्या जवळचा. झणका हवाच असेल तर दोन संकेश्वरी टाकाव्यात. देठ आणि बिया काढून मिरच्या तव्यावर काही सेकंद दाबायच्या, खमंग वास आला की उतरवायच्या. काळ्या पडल्या तर अख्खा रस्सा कडू होतो, मग गूळ घालूनही सावरत नाही. अर्धा तास गरम पाण्यात फुगवून मुलायम वाटाव्यात. त्यात सहा-आठ लसणाच्या पाकळ्या आणि दीड मोठा चमचा भाजलेलं जिरं. मेक्सिकन ओरेगानो हाताशी असेल तर एक छोटा चमचा. पिझ्झाबरोबरच्या पुडीत येतो तो भूमध्य समुद्राकडचा ओरेगानो. मेक्सिकोचा त्याच्या कुळातला नव्हे, वास तेवढा ओळखीचा.

मिरचीचं तिखट तिच्या बियांत असतं असं आपण म्हणतो, पण ते मुख्यतः बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढरट शिरेत असतं. त्या तिखटाचं नाव कॅप्सेसिन. आणि तिखट ही जिभेची चव नाही, ती वेदना आहे. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राही असतो. सुमारे ४३ अंशांच्या वर काही टेकलं की तो मेंदूला 'भाजतंय' असं कळवतो. कॅप्सेसिन त्याच ग्राहीला जाऊन बसतं आणि तीच बोंब ठोकतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा ग्राही ओळखला आणि २०२१ मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. थंडीत चिली खाल्ली की कान गरम होतात, नाक वाहतं, कपाळावर घाम येतो. शरीर खोट्या आगीवर खरं पाणी मारत असतं. ही आग पाण्याने विझत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात धड विरघळत नाही. स्निग्धांशात विरघळतं, आणि दुधातल्या केसिनच्या तावडीत सापडतं. अमेरिकेत चिलीवर आंबट साय आणि चीज घालतात, आपण रश्श्याबरोबर दही घेतो. दोघांनाही हे रसायनशास्त्राच्या आधी जिभेने शिकवलं.

गंमत अशी की मिरचीचा तिखटपणा मोजायची पहिली पद्धत अमेरिकन औषधनिर्माता विल्बर स्कोव्हिलने काढली तीही १९१२ मध्येच. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. आंचो या मापावर हजार ते दोन हजारांच्या घरात बसते. मायार फ्रान्समध्ये, स्कोव्हिल डेट्रॉइटमध्ये. एकाच वर्षी दोघं नकळत एकाच पातेल्याचा अभ्यास करत होते.

गणंग

आणि आता घेवडा. राजमा, टेक्सासचा ठिपक्यांचा पिंटो आणि आपण कोवळ्या शेंगांची भाजी करतो तो श्रावणघेवडा, ही सगळी एकाच जातीची भावंडं. वाल-पावटा आपल्याकडे जुनाच, त्याची जात वेगळी. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागात वाघ्या घेवडा पिकतो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. फिकट अंगावर लालसर पट्टे, म्हणून तो वाघ्या. 'पिंटो'चा स्पॅनिश अर्थ 'रंगवलेला'. दोन्ही दाणे तळहातावर शेजारी ठेवले की समुद्राच्या दोन टोकांना शेतकऱ्यांनी दाण्यावरच्या नक्षीला आपापल्या डोळ्यांनी नाव दिल्याचं दिसतं. चिलीत वाघ्या घेवडा झकास लागतो.

पहिल्यांदा चिली केली तेव्हा मी भिजवलेला घेवडा, मांस, टोमॅटो सगळं एकदमच पातेल्यात लोटलं. तीन तासांनी मांस विरघळायला आलं आणि घेवडा तसाच, दाताखाली खडा. आईने एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाली, "गणंग राहिलाय." न शिजणाऱ्या दाण्याला मराठीत एवढा नेमका शब्द आहे, आणि तो माणसांनाही बिनचूक लागू पडतो.

दोष घेवड्याचा नव्हता, माझ्या टोमॅटोचा होता. दाण्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना धरून असतात. शिजणं म्हणजे ते पेक्टिन विरघळणं, आणि आंबटात ते विरघळायला राजी नसतं. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ-कडधान्य शिजल्यावरच घालायचं ही घरोघरची शिस्त त्यामुळेच. जड पाण्यातलं कॅल्शियमही पेक्टिनला आवळून धरतं. याउलट भिजवताना लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ टाकलं तर सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ होते. मिठाने कडधान्य कडक होतं हा आणखी एक गैरसमज. जुना, दमट-उष्ण हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेला दाणा मात्र काहीही केलं तरी गणंगच.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरे होतात. उपाय सोपा आहे : रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं आणि ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळून उकळावा. मग आच कमी केली तरी चालते. कुकरच्या शिट्ट्यांत हे आपोआप होतं. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यांचा. त्यांत तापमान ऐंशी अंशांखाली रेंगाळलं तर हे विष नष्ट होण्याऐवजी आणखी प्रभावी होतं. फेकून दिलेल्या पाण्याबरोबर पोटात वारा धरणाऱ्या शर्कराही थोड्याफार निघून जातात, तो वरचा फायदा.

थोडक्यात, मांस आणि घेवडा दोघंही सावकाश शिजणारे, पण एका पातेल्यात नांदायला घाई केली तर बिनसतं. दोघांना वेगळं शिजवायचं. मांसात दोन कांदे, मिरचीचं वाटण, तीन-चार टोमॅटो आणि दीड लिटर पाणी घालून अडीच तास. घेवडा दुसऱ्या शेगडीवर, मिठाच्या पाण्यात, बोटाने दबेल इतका. शेवटच्या अर्ध्या तासाला दोघांची गाठ घालायची. टेक्सासमध्ये दाटपणासाठी चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ लावतात, आपल्याकडे दोन चमचे साधं मक्याचं पीठ पाण्यात कालवून लावावं. उतरवताना थोडं व्हिनेगर किंवा लिंबू. वर तांबडी तर्री तरंगली की झालं.

मोठ्याचं

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्यानेच बंदी होती, २०१५च्या दुरुस्तीने ती वळू आणि बैलांनाही लागू झाली. म्हशी-रेड्याचं मांस त्यात येत नाही. बाजारात 'मोठ्याचं' म्हणून मिळतं ते हेच, आणि चिलीला ते उत्तम. रंगाने अधिक गडद, चरबी कमी आणि कोलॅजन भरपूर. आच तीच, वेळ मात्र अर्धा-पाऊण तास जास्त.

'मोठ्याचं' हा आपल्याकडे अनेक घरांत रोजचा, आणि अनेक घरांत दबक्या आवाजात उच्चारायचा शब्द आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. त्यात चान्या येतात. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, उन्हात दोरीवर वाळवून ठेवायच्या आणि अडीनडीला शिजवायच्या. टेक्सासच्या गुराख्यांची ती मिरची-मांसाची वीट आणि ही चानी एकमेकींना ओळखतही नाहीत. पण दोघींना जन्म दिला तो एकाच गरजेने : आज हाती आलेलं मांस उद्यालाही पुरलं पाहिजे.

पुरवण्याच्या या खटाटोपाला पोषणशास्त्राचाही दुजोरा आहे. सुक्या घेवड्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातलं लोह मात्र शरीराला सहज मिळत नाही. सोबत थोडं जरी मांस असलं तरी ते अधिक शोषलं जातं, आणि टोमॅटोतलं क जीवनसत्त्वही मदत करतं. अर्धं मांस काढून घेवडा घालणाऱ्या खानावळवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक उपाशी उठू नये एवढंच त्याला पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी

चिली केल्याच्या दिवशी चांगली लागते, दुसऱ्या दिवशी खरी लागते. रात्रीतून मसाल्याचा कडकपणा मावळतो, घेवडा रस्सा पितो, सगळं एकमेकांत मुरतं. फक्त ती रात्र पातेल्याने ओट्यावर काढू नये. मोठं पातेलं आतून तासन्‌तास कोमट राहतं, आणि ४३ ते ४७ अंश हे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचं आवडतं तापमान. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. रस्सा लहान, पसरट भांड्यांत काढावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी झाकण उघडलं की वर चरबीचा केशरी थर आणि खाली चमचा उभा राहील असा थरथरता गोळा दिसतो. ते कालचं जिलेटिन. गरम केला की पुन्हा रस्सा.

तोवर एक गोष्ट मात्र झालेली असते. रात्री जेवताना सगळ्यांनी शोधून शोधून मांसाचे तुकडे वाढून घेतलेले असतात. सकाळी पातेल्यात उरतो तो मुख्यतः घेवडा, कालपेक्षा फुगलेला, लाल, मिरची आणि मांसाचा अर्क प्यायलेला. भाकरी कुस्करावी आणि तो वरून घ्यावा. दारात आणखी कोणी आलंच तर आपण आमटीत घालतो तसं पाणी घालावं, आणखी मूठभर शिजवलेला घेवडा घालावा आणि एक उकळी काढावी. टर्लिंग्वाच्या स्पर्धेतून आपण बाद होऊ. पण तिथे दारात पाहुणा येत नाही, परीक्षक येतो.